ताईंचा झाडू

१

धून वाजली, आणि पुढे काहीच आलं नाही.

चिमीच्या बाबांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. रोज चहा झाला की ते बोलक्या वाचनालयाचा नंबर लावत. ज्यांना दिसत नाही, अशा लोकांसाठी ते वाचनालय होतं. नंबर लावायचा, पुस्तक निवडायचं, आधी एक छोटीशी धून वाजायची आणि मग कुणीतरी ते पुस्तक वाचून दाखवायचं. बाबांच्या दृष्टीनं हे 'कुणीतरी' एकच होतं. त्यांची बायको. ती तिथली वाचक होती आणि गेल्या हिवाळ्यात वारली होती.

बाबांनी दुसरं पुस्तक लावलं. धून, आणि शांतता. आणखी एक लावलं. पुन्हा तेच.

"चिमे," त्यांनी हाक मारली, "फोन बिघडलाय का बघ गं."

चिमी त्यांची एकुलती एक मुलगी. त्याच वाचनालयात कॉम्प्युटर सांभाळायची. ती दारात उभी होती, पण तिनं फोन हातातही घेतला नाही.

"फोन ठीक आहे, बाबा. आईची पुस्तकं गेली."

"गेली म्हणजे?"

"पुसली गेली. सगळी."

"कुणी पुसली?"

तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "मी."

२

मला हे सगळं चिमीच्या बाबांनीच फोनवर सांगितलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आता निवृत्त झाले आहे, पण जुन्या विद्यार्थ्यांच्या घरचे अजून मला 'बाई'च म्हणतात.

"बाई, तुमच्या विद्यार्थिनीनं तिच्या आईला दुसऱ्यांदा नेलं," ते म्हणाले. आवाज अगदी सपाट होता. "रविवारी मी बहिणीकडे जातोय राहायला. परत यायचा विचार नाही. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

"का पुसलं, ते सांगितलं तिनं?"

"सांगायला कशाला हवं? मागे एकदा म्हणाली होती, बाबा, किती दिवस तेच ऐकत बसणार? तेव्हाच कळायला हवं होतं मला."

"तुम्ही तिला विचारलंत का?"

"मी तिच्याशी बोलत नाही."

फोन ठेवल्यावर मला शाळेतली चिमी आठवली. वर्गात कुणी खडू मोडला, कुणी खिडकीची काच फोडली, तरी पहिला हात हिचा वर. "बाई, मी." खरा गुन्हेगार मागच्या बाकावर तोंड लपवून बसलेला असायचा. मी तिला एकदा म्हटलंही होतं, "अगं, सगळ्यांचे गुन्हे तू घेतलेस तर आम्ही चौकशी कुणाची करायची?"

तेव्हा ती हसली होती.

मी छत्री घेतली आणि वाचनालयात गेले. ऊन फार होतं.

३

वाचनालय एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. एक ऑफिसची खोली, आणि भिंतींना गाद्या लावलेली एक छोटी खोली. त्या छोट्या खोलीत बसून ताई वाचायच्या. तिथं सगळे चिमीच्या आईला ताई म्हणत. त्यांची खुर्ची अजून तिथंच होती. पाठीला उशी बांधलेली.

व्यवस्थापकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि बोलताना ते तो वाजवत.

"इथं एकट्या ताईच रेकॉर्डिंग करायच्या," ते म्हणाले. "बाकीचे वाचक घरून पाठवतात. त्यांच्या प्रती त्यांच्याकडे आहेत, त्या परत मागवता येतील. ताईंची पुस्तकं मात्र फक्त इथं होती."

"दुसरी प्रत ठेवली नव्हती?"

"ठेवली होती ना. पण ती आपोआप पहिलीसारखी होत जाते. पहिली रिकामी झाली, मग तीही झाली."

"माझ्या कानावर आलंय, तुम्हीच म्हणत होतात ना, ताईंच्या पुस्तकांनी जागा अडवलीय?"

किल्ल्या थांबल्या. "कोण म्हणालं? हां, म्हणत होतो. आमच्या मावशी लग्नाच्या पत्रिकासुद्धा टाकत नाहीत, त्यांनाही मी असंच म्हणतो. म्हणून काय त्यांचं कपाट जाळतो? बाई, त्या बाईंच्या आवाजावर हे वाचनालय उभं राहिलं. आणि मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. मी फक्त कुलूप लावतो."

मी त्यांना ती रिकामी जागा दाखवायला सांगितली. जिथं तयार पुस्तकं असायची, त्या जागेला ते 'पक्कं' म्हणत. पडद्यावर 'पक्कं' उघडलं. ते अगदी रिकामं नव्हतं. एक फोल्डर उरलं होतं. नाव होतं 'ठेवा-सुरुवात'.

"ही धून," व्यवस्थापक म्हणाले. "पुस्तकाआधी वाजते ती. कशी काय वाचली कोण जाणे."

मी त्या एका फोल्डरकडे बघत बसले. चुकून सगळं पुसणाऱ्या माणसाच्या हातून धूनही गेली असती. ठरवून फक्त ताईंचा आवाज पुसणाऱ्यानं इतर वाचकांची पुस्तकं सोडली असती. इथं कुणी सगळं पुसलं होतं आणि नेमकं ते एकच ठेवलं होतं, ज्याच्या नावात 'ठेवा' होतं.

माणूस असा वागत नाही. असं कोण वागतं, ते मला ठाऊक होतं.

४

"झाडू," कानसेन म्हणाला.

हा तिथला ध्वनिमुद्रक. खरं नाव कुणी घेत नसे. शेजारच्या इमारतीत चमचा पडला तरी याला ऐकू येतं, अशी ख्याती. तो मोठे हेडफोन गळ्यात लटकवून बसला होता, आणि डोळे सुजलेले होते.

"ताईंनीच लिहिलेली स्क्रिप्ट आहे ती, बाई. आम्ही तिला झाडू म्हणतो. काम संपलं की तिला सोडायचं. ती 'कच्चं'मध्ये जाते आणि तिथला कचरा काढते."

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामं. तो एकेक ओळ वाचतो आणि तसं करतो, तक्रार न करता. आणि 'कच्चं' म्हणजे वाचताना जे चुकतं, खोकला येतो, वाक्य पुन्हा घ्यावं लागतं, ते सगळं जिथं साठतं ती जागा.

"आणि ज्याच्या नावात 'ठेवा' आहे ते ती सोडते?"

"हो. ताईंची पद्धत. पुस्तक अर्धवट असलं की नावात 'ठेवा' लिहायचं. पूर्ण झालं की तो शब्द काढायचा, मग संध्याकाळी झाडू घेऊन जातो."

"त्या संध्याकाळी झाडू तूच सोडलास?"

त्यानं मान खाली घातली. "मीच. पण 'कच्चं'मध्ये, बाई. 'पक्कं'कडे मी गेलोसुद्धा नाही. हवं तर तपासा. मी सोडण्याआधी पत्ता विचारला होता कॉम्प्युटरला. कारण खातं नवीन होतं ना."

"नवीन?"

"इतके दिवस आम्ही झाडू ताईंच्या खात्यावरूनच सोडायचो. त्या गेल्यावरसुद्धा, घरून आलेली पुस्तकं नीट करून झाली की. त्यांचं नाव टाकायचं, त्यांचा पासवर्ड टाकायचा, झाडू सोडायचा. बंद करायला कुणाचा हात धजला नाही. मग त्या दिवशी चिमीनं ते खातं बंद केलं आणि 'स्टुडिओ' नावाचं नवीन उघडून दिलं. का, ते विचारलं तर म्हणाली, असू दे."

त्यानं गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आणखी एक आहे. त्याच संध्याकाळी मी ताईंच्या शेवटच्या पुस्तकाचा 'ठेवा' काढला. ते अर्धं राहिलं होतं. व्यवस्थापक म्हणाले, दुसऱ्या वाचकाला देऊ या, पहिल्यापासून वाचतील. म्हणजे बघा, पक्कं गेलं कसं ते मला माहीत नाही, पण जे कच्चं होतं ते तर मीच घालवलं. तेव्हापासून मी तिकडे बघितलेलं नाही."

"झाडू पुन्हा सोडलास?"

"छे. हात लावलेला नाही. काम बंदच आहे."

५

कानसेननं ते 'स्टुडिओ' खातं माझ्यासमोर उघडलं. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी पत्ता विचारला होतास तसा आता विचार."

त्यानं विचारलं. 'कच्चं' या नावाचा पत्ता काय? पडद्यावर उत्तर आलं, अगदी बरोबर.

"बघा," तो म्हणाला.

"बघितलं. आता हाच प्रश्न आपण दुसऱ्याकडून विचारू."

मी एक नवी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात एकच काम होतं: 'कच्चं'चा पत्ता सांग. पुसायचं काही नाही, नुसतं सांगायचं. आम्ही ती सोडली.

पडद्यावर एक कोरी ओळ आली.

कानसेननं पुन्हा सोडली. पुन्हा कोरी. "आत्ता तर सांगितला होता यानं," तो म्हणाला. "खोटं बोलतोय का हा?"

"खोटं नाही बोलत. तू दोन वेगळ्या जणांना विचारतोयस."

शाळेत हे मी मुलांना असं सांगायची. कॉम्प्युटरवर तुम्ही नाव सांगून आत आलात की तुमच्यासाठी एक घर उघडतं. त्या घरातल्या आईजवळ काही गोष्टी असतात: या नावाचा अर्थ अमुक, त्या नावाचा पत्ता तमुक. त्यांना व्हेरिएबल म्हणतात. तुम्ही विचारलंत की आई सांगते. पण जेव्हा तुम्ही स्क्रिप्ट सोडता, तेव्हा ते काम आई स्वतः करत नाही. त्यासाठी एक लेकरू जन्माला येतं, काम करतं आणि संपतं. त्या लेकराला आईजवळचं सगळं मिळत नाही. आईनं जे 'हे लेकरांसाठी' म्हणून वेगळं काढलंय, तेवढंच त्याच्याबरोबर जातं. वेगळं काढायचा एक शब्द आहे, एक्स्पोर्ट. तो म्हटला तर ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होतं आणि पुढच्या पिढीला पोचतं. नाही म्हटला, तर आईला सगळं माहीत असतं आणि लेकराच्या हातात काही नसतं.

मी नवीन खात्याची सुरुवातीची ओळ उघडली. पत्ता होता. एक्स्पोर्ट नव्हता. ताईंच्या खात्यात तो असणार, म्हणून तिथून झाडू कधी चुकला नाही.

"म्हणजे झाडूला पत्ता मिळालाच नाही?" कानसेन म्हणाला. "मग तो अडला का नाही? ओरडला का नाही?"

"ताईंनी लिहिलंय, 'कच्चं'मध्ये जा. 'कच्चं' कोरं निघालं. मग उरलं काय? नुसतं 'जा'. आणि कुठं ते न सांगता कॉम्प्युटरला नुसतं 'जा' म्हटलं, की तो घरी जातो. ज्याच्या नावानं काम चाललंय, त्याच्या घरी. आणि ही चूक धरली जात नाही."

"आणि 'स्टुडिओ'चं घर..."

"तूच बघ."

त्यानं बघितलं. चिमीनं त्याची सोय पाहिली होती. खातं उघडल्याबरोबर पुस्तकं समोर यावीत, म्हणून 'स्टुडिओ'चं घर तिनं 'पक्कं'मध्येच दिलं होतं. झाडू घरी गेला. घर झाडलं. 'ठेवा' लिहिलेलं ठेवलं.

कानसेन खुर्चीत बसला. "कुणी पुसलंच नाही मग."

"नाही. आता ऊठ. झाडू त्या संध्याकाळी इथं फिरला, म्हणजे कुठं फिरला नाही?"

मग त्यानं एकदम पडद्याकडे तोंड फिरवलं आणि 'कच्चं' उघडलं.

६

चिमी खाली दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"खडू कुणी मोडला, ते कळलं मला," मी म्हटलं. "तू पुसलेलं नाहीस. एक शब्द राहिला तुझ्याकडून. ही चूक मीसुद्धा केली असती."

"तेच ते, बाई. मीच."

"तेच ते नाही. तुझे बाबा समजतायत, तू ठरवून पुसलंस. रविवारी घर सोडून चाललेत. तू त्यांना खरं का सांगत नाहीस?"

तिनं पायरीवरचा एक खडा उचलून खाली टाकला.

"चिमे, आईचं खातं का बंद केलंस? झाडू नीट चालला होता. कानसेनला तर काही त्रास नव्हता."

तिनं चप्पल काढून पुन्हा घातली. मग म्हणाली, "आई तिच्या खात्यात आली की एक ओळ आपोआप चालायची. तिनंच लिहिली होती. बाबांची नजर गेल्यापासून त्यांना तिची काळजी वाटायची, रस्ता नीट ओलांडला का, वेळेवर गेली का. म्हणून ती इथं येऊन कॉम्प्युटर उघडायची, की बाबांच्या फोनवर निरोप जायचा. एकच शब्द. 'पोचले.' आणि त्यांचा फोन तो वाचून दाखवायचा."

मला पुढचं कळलं, पण मी तिला बोलू दिलं.

"आई गेली. आणि कानसेनदादा रोज संध्याकाळी तिच्या नावानं आत यायचा, झाडू सोडायला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. रोज दिवेलागणीला बाबांचा फोन बोलायचा. 'पोचले.' बाबांनी कितीतरी दिवस सांगितलंच नाही मला. मग एकदा माझ्यासमोर वाजला. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाले, हे थांबव गं, मला सहन होत नाही."

"आणि तू खातंच बंद केलंस."

"ती एक ओळ शोधून काढता आली असती मला. पण आईची ती फाइल उघडून वाचायची..." तिनं डोळे पुसले. "नाही उघडवली, बाई. सरळ बंद करून टाकलं. 'कच्चं'चा पत्ता कानसेनदादाकडून तोंडी विचारून नव्या खात्यात घातला. आता बाबांना खरं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की तुम्ही 'पोचले' थांबवायला सांगितलंत म्हणून तिची सगळी पुस्तकं गेली. त्यापेक्षा मी वाईट झालेली बरी. तुम्हीही सांगू नका."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पण त्यांनी सरळ विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. आयुष्यभर कुणा विद्यार्थ्याशी खोटं बोलले नाही."

७

बाबांची बॅग दाराशी भरून ठेवली होती. चिमी माझ्यामागे उभी राहिली, आत आली नाही.

मी त्यांना झाडूची गोष्ट सांगितली. घर, आई, लेकरू, नुसतं 'जा' म्हटलं की घरी जाणं. ते नीट ऐकत होते. चांगला विद्यार्थी ऐकतो तसे, मान थोडी तिरपी करून.

"म्हणजे अपघात," ते म्हणाले.

"अपघात."

"मग ही 'मी' का म्हणाली?"

"एक शब्द राहिला तिच्याकडून, म्हणून."

त्यांची बोटं टेबलावरच्या फोनभोवती फिरत होती.

"बाई, नवीन खातं कशाला उघडलं?"

मी दाराकडे, चिमीकडे बघितलं.

"ते 'पोचले' तिच्या जुन्या खात्यातून यायचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला सहन झालं नाही म्हणून," बाबा हळूच म्हणाले. "आणि हिनं ते स्वतःवर घेतलं. चिमे, तू दारात आहेस ना? तुझा श्वास ऐकू येतोय मला. आत ये."

ती आत आली. त्यांनी हात पुढे केला, तो तिच्या खांद्याला लागला, मग डोक्यावर गेला.

"इतके दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, तर भांडायचं तरी होतंस. तुझी आई भांडली असती."

"आई तर जिंकलीही असती," चिमी म्हणाली, आणि दोघंही रडले.

मी थोड्या वेळानं कानसेननं दिलेला छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "पुस्तकं परत येणार नाहीत," मी म्हटलं. "ते खोटं सांगणार नाही मी. हे फक्त शेवटच्या पुस्तकातलं कच्चं आहे. त्या संध्याकाळी ते जायचं होतं. झाडू तिकडे गेलाच नाही."

चिमीनं ते लावलं.

आधी खुर्चीचा आवाज. मग पानांचा. मग ताई खोकल्या, आणि म्हणाल्या, "थांब रे कानसेन, परत घेते." एक वाक्य वाचलं, अर्ध्यावर अडल्या, पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच अडल्या आणि हसायला लागल्या. "हे काढून टाक हं. घरी कळलं तर मला जन्मभर चिडवतील." पाणी प्यायल्याचा आवाज. मोठा श्वास. "चल."

बाबांनी हात वर केला. चिमीनं थांबवलं.

"ती हसली तिथून," ते म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं.

रविवारी ते कुठं गेले नाहीत. बॅग मात्र बरेच दिवस दाराशी तशीच होती, रिकामी करायचं कुणाला सुचलं नाही. चिमीनं झाडू दुरुस्त केला. आता त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, की पत्ता कोरा असेल तर तिथंच थांब आणि मोठ्यानं सांग, पुढे जाऊ नकोस. नव्या खात्यात एक्स्पोर्टही घातला. बाबांनी तिच्याकडे आणखी एक मागितलं होतं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, घाल.

मी एका सकाळी त्यांच्याकडे बसले होते. गप्पा चालल्या होत्या, आणि टेबलावरचा फोन बोलला.

"चिमी. पोचले."

बाबा बोलायचे थांबले. फोनवर हात ठेवला, जणू तो गरम आहे की गार ते बघत होते.

"बरं," ते म्हणाले.